सभेची विषयपत्रिका



आपल्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं महिन्यांतून एकदां तरी असा प्रसंग येत असेल. संध्याकाळीं घरांतील कर्ता पुरुष, आणि हल्लीं तितक्याच वेळां घरची गृहिणी, “तासाभरांत येतें” किंवा “येतों” असें सांगून कसल्याशा सभेला जाते. जेवणाचीं पानें दोनदां झांकलीं जातात आणि साडेदहाच्या सुमारास स्वारी परतते ती कपाळाला आठ्या घालून. “काय ठरलें?” असें विचारावें, तर उत्तर मिळतें, “विशेष कांहीं नाहीं; पुढच्या सभेंत बघूं.” ती सभा कधीं गृहनिर्माण संस्थेच्या समितीची असते, कधीं वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची, कधीं शाळेच्या नियामक मंडळाची, तर कधीं पतपेढीच्या किंवा कंपनीच्या संचालकांची. संस्था लहान असो वा मोठी, आठ्या त्याच.

मी कोणी व्यवस्थापनशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म शाळेंत घालविलेला मनुष्य आहें. परंतु मास्तराच्या गळ्यांत चिटणीसपद फार लवकर पडतें, कारण त्याचें अक्षर बरें असतें अशी लोकांची समजूत असते. त्यामुळें अनेक संस्थांच्या सभांचे कागद मीं आपल्या हातानें लिहिले आहेत, आणि त्यांत ज्या चुका केल्या त्यांचीच आज थोडी हकीगत सांगणार आहें.

सभेच्या या कागदाला आपण विषयपत्रिका किंवा कार्यक्रमपत्रिका म्हणतों आणि बोलण्यांत सर्रास अजेंडा म्हणतों. शब्दापासून आरंभ केल्यावांचून मास्तराला राहवत नाहीं. अजेंडा हा शब्द लॅटिन. मुळांत तो अनेकवचनी असून त्याचा अर्थ ‘करावयाच्या गोष्टी’ असा आहे. संस्कृतांत ‘तव्य’ किंवा ‘अनीय’ हे प्रत्यय लावून आपण कर्तव्य, करणीय अशीं रूपें साधतों, त्याच जातीचें हें रूप. म्हणजे शब्दाच्या पोटांत ‘केलें पाहिजे’ हा भाव आहे. ‘बोललें पाहिजे’ हा नाहीं. आमच्या पत्रिकेवर मात्र काय छापलेलें असतें? ‘पाण्याच्या टाकीबाबत विचार करणें.’ ‘वार्षिक संमेलनाबाबत विचारविनिमय करणें.’ आतां विचार करणें हें काम असें आहे कीं, तें या सभेच्या शेवटपर्यंत चालूं शकतें आणि पुढच्या सभेंतही चालूं शकतें. कारण विचार संपला केव्हां, हें ठरविण्याचें साधन कोणाजवळच नसतें. मग इतिवृत्तांत तें सुप्रसिद्ध वाक्य लिहावें लागतें: ‘सदर विषय पुढील सभेंत ठेवण्यांत यावा असें ठरलें.’ हें वाक्य मीं किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं.

त्यांतली एक वेळ मात्र मी विसरलों नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत शिक्षक होतों आणि नियामक मंडळाच्या सभेचा कागद तयार करण्याचें काम माझ्याकडे होतें. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें एक जुने शिपाई होते. शाळेच्या रिवाजाप्रमाणें लहानथोर सारे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यांनीं सहा महिन्यांच्या पगाराची उचल मागितली. अर्ज जून महिन्याच्या सभेच्या आधीं चार दिवस माझ्या हातीं आला. मी विषय ज्या क्रमानें येत त्या क्रमानें लिहीत असें. हा अर्ज शेवटीं आला म्हणून त्याला बारावा क्रमांक मिळाला. माझ्या मतें ती अगदीं निःपक्षपाती पद्धत होती.

त्या सभेंत चौथा विषय होता शाळेच्या रंगमंचासाठीं नवा पडदा घेण्याचा. पडदा घ्यावा याबद्दल दुमत नव्हतें. प्रश्न रंगाचा होता. एका सभासदांना गर्द निळा हवा होता, दुसऱ्यांना तांबडा. तिसऱ्यांनीं तांबडा रंग दिव्याच्या उजेडांत डोळ्यांना कसा त्रास देतो हें समजावून सांगितलें. चौथ्यांच्या ओळखीचा एक कापडवाला होता. यांत एक तास दहा मिनिटें गेलीं. नवव्या विषयापर्यंत येतां येतां दोघे सभासद घड्याळाकडे पाहात उठले, गणपूर्ती मोडली, आणि उरलेले विषय पुढें गेले. जुलैंत मीं नवे विषय आधीं घातले व ‘मागील सभेंतील शिल्लक विषय’ त्यांच्या खालीं. पुन्हां तेंच झालें. ऑगस्टमध्यें उचलीचा विषय निघाला. दोन मिनिटेंसुद्धां लागलीं नाहींत, सर्वानुमतें मंजूर. दुसऱ्या दिवशीं मोठ्या आनंदानें मी मामांना ही वार्ता सांगावयास गेलों. ते म्हणाले, “गुरुजी, अर्ज मागें घेतों. जुलैच्या अखेरीलाच गांवाकडची जमीन काढली. दीड एकर होती. आतां उचल घेऊन काय करूं?” बोलण्यांत राग नव्हता. घंटेची वेळ झाली म्हणून ते उठून गेले.

त्या मंडळांतील एकाही माणसाच्या मनांत मामांविषयीं वांकडा विचार नव्हता. अर्ज पहिल्या दिवशीं पुढें आला असता, तर पहिल्या दिवशींच मंजूर झाला असता. त्यांची जमीन गेली ती कोणाच्या कठोरपणामुळें नव्हे; माझ्या क्रमांकामुळें गेली. तेव्हांपासून विषयपत्रिका ही यादी आहे असें मी मानीत नाहीं. सभेजवळ असलेला वेळ आणि सभेपुढें असलेलीं माणसें यांची ती वाटणी आहे.

पडद्याच्या रंगावर जो तास गेला तो आमच्याच शाळेंतला चमत्कार, असें मला बरीच वर्षें वाटत होतें. पुढें पार्किन्सन नांवाच्या इंग्रज इतिहासकाराचें पुस्तक वाचनांत आलें आणि समाधान वाटलें; समाधान म्हणजे, वेडे केवळ आपणच नाहीं या प्रकारचें. हे गृहस्थ त्या काळीं सिंगापुरास इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यांचें पुस्तक 1957 सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं एक काल्पनिक अर्थसमिति रंगविली आहे. तिच्यापुढें पहिला विषय येतो एक कोटीच्या अणुभट्टीचा. तो अडीच मिनिटांत संपतो, कारण अणुभट्टी म्हणजे काय हें बहुतेकांना ठाऊक नसतें आणि ज्याला ठाऊक असतें त्याला इतरांना समजावून सांगण्याचा धीर होत नाहीं. दुसरा विषय कारकुनांच्या सायकली ठेवण्याच्या छपराचा. त्यावर पाऊण तास. तिसरा बैठकींतील कॉफीच्या खर्चाचा. त्यावर सवा तास. सायकलचें छप्पर सर्वांनीं पाहिलेलें असतें आणि कॉफी सर्वांनीं प्यालेली असते, म्हणून प्रत्येकाजवळ मत असतें. विनोद सोडला तरी एक गोष्ट उरते. रक्कम जितकी मोठी आणि बाब जितकी अवघड, तितकी सभा मुकी होते; आणि मुक्या सभेंतून जें मंजूर होतें त्याची जबाबदारी मात्र सर्वांवर येते.

यावर माझा उपाय अगदीं शाळामास्तरी आहे. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेंत आम्ही ‘शिवकालाबाबत विचार करा’ असें लिहीत नाहीं. प्रश्न विचारतों. तसाच विषयही प्रश्नरूपानें लिहावा. ‘टाकीबाबत विचार करणें’ असें न लिहितां ‘गच्चीवरील टाकी दुरुस्त करावी कीं नवी बांधावी? खर्च दुरुस्ती निधींतून करावा कीं सभासदांकडून वर्गणी घ्यावी?’ असें लिहावें. असें लिहूं लागलें कीं, पहिला लाभ खुद्द चिटणीसालाच होतो. पुष्कळदां त्याच्या ध्यानांत येतें कीं, प्रश्न विचारण्याजोगी माहितीच अद्याप जमलेली नाहीं. ठेकेदारांचीं दरपत्रकें आलेलीं नाहींत, अभियंत्याचा अहवाल नाहीं. मग तो विषय या सभेचा नव्हेच. तो खालीं बसून माहिती गोळा करण्याचा विषय आहे. आणि उलट, कांहीं विषयांत प्रश्नच नसतो. नुसती बातमी असते. उदाहरणार्थ, ‘विम्याचा हप्ता भरला.’ ती कागदावर लिहून पाठवावी आणि सभेंत वाचूंही नये.

प्रश्नाबरोबर टिपण हवें. टिपण एका पानाचें असावें: अडचण काय, मार्ग कोणते, प्रत्येकाचा खर्च किती, आणि मांडणाऱ्याचें स्वतःचें मत काय. हें शेवटचें कलम लोक गाळतात, कारण मत दिलें कीं, तें खोडलें जाण्याची भीति असते. पण खोडावयास कांहीं मिळालें नाहीं तर चर्चेला सुरुवात कोठून करावयाची? अणुभट्टीपुढें सभा मुकी होते ती अशाच टिपणाच्या अभावीं. अडाणीपणा उघडा पडूं नये म्हणून माणसें गप्प बसतात. घरीं निवांतपणें चार दिवस कागद वाचावयास मिळाला, तर तींच माणसें चांगले प्रश्न विचारतात. मीं हें अनुभवानें पाहिलें आहे. आमच्या समितीवर एक बाई होत्या; दोन वर्षांत सभेंत त्यांचा शब्द ऐकूं आला नव्हता. टिपणें घरीं जाऊं लागलीं, आणि तिसऱ्याच सभेंत त्यांनीं ठेकेदाराच्या अंदाजपत्रकांत एकच काम दोनदां मोजलेलें दाखवून दिलें.

कंपन्यांच्या बाबतींत ही गोष्ट केवळ सोयीची राहिलेली नाहीं. कायद्याची झाली आहे. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणें सामान्यतः संचालक मंडळाच्या वर्षांतून निदान चार सभा व्हाव्या लागतात आणि दोन सभांमध्यें 120 दिवसांहून अधिक अंतर पडूं नये असा नियम आहे. सभेची सूचना किमान 7 दिवस आधीं द्यावी लागते. 2015 च्या जुलैपासून कंपनी चिटणीसांच्या संस्थेनें घालून दिलेले सभांचे दंडक लागू झाले. त्यांत विषयपत्रिका आणि तिच्यावरील टिपणें हीं दोन्ही सात दिवस आधीं पाठवावीं असें सांगितलें आहे. तांतडीच्या कामासाठीं सवलत आहे, पण ती सवलतच.

या चार सभांचा हिशेब करून पाहा. प्रत्येक सभा तीन तासांची धरली तर वर्षाचे तास बारा. बारा तासांत एका उद्योगाचें भवितव्य पाहावयाचें! त्यांतला एक तास मागील इतिवृत्त वाचण्यांत आणि दीड तास अहवाल ऐकण्यांत गेला, म्हणजे काय उरलें? आमच्यासारख्या गृहनिर्माण संस्थेची गोष्ट घ्या. अकरा जणांची समिति महिन्यांतून एकदां दोन तास बसली, तर वर्षाकाठीं 264 माणशी तास होतात. एवढ्या वेळांत एखाद्या मास्तरानें एका वर्गाला वर्षभर भूगोल शिकवून वर उजळणी घेतली असती.

म्हणून ज्यांवर वाद नाहीं अशा बाबींचा एक गठ्ठा करावा: मागील इतिवृत्त, नित्याचीं बिलें, सभासदत्वाचे सरळ अर्ज. हा सारा गठ्ठा एका ठरावानें मंजूर करावा. मात्र कोणत्याही एका सभासदानें म्हटलें कीं, यांतील अमुक बाब बाहेर काढा, तर ती विनातक्रार बाहेर काढून चर्चेला घ्यावी. हा हक्क नसेल तर गठ्ठा म्हणजे अडचणीच्या गोष्टी दडविण्याची जागा होईल. मागील इतिवृत्त आरंभीं घेण्याची चाल जुनी आहे. 1863 सालीं अमेरिकेंत न्यू बेडफर्ड गांवीं एका सभेंत फार गोंधळ माजला. तिचें अध्यक्षपद हेन्री रॉबर्ट नांवाच्या लष्करी अभियंत्याकडे होतें आणि सभा कशी चालवावी हें त्याला ठाऊक नव्हतें. त्या फजितीनंतर त्यानें सभाशास्त्राचा अभ्यास केला व 1876 सालीं नियमांचें पुस्तक छापलें. त्याच्याही क्रमांत इतिवृत्त प्रथम आहे. तें मोठ्या सभांसाठीं योग्यच होतें. पण आठ दिवस आधीं प्रत्येकाच्या घरीं गेलेलें इतिवृत्त पुन्हां मोठ्यानें वाचण्यांत काय अर्थ आहे हें मला अद्याप कळलेलें नाहीं.

आतां क्रमाविषयीं. माझा आजचा नियम असा कीं, ज्या विषयाला उशीर झाल्यास कोणाचें तरी कायमचें नुकसान होईल तो पहिला. त्यानंतर ज्याला अधिक डोकें लागेल तो. कारण पहिल्या पाऊण तासांत माणसांचीं डोकीं ताजीं असतात आणि गणपूर्तीही असते. पडद्याचा रंग, स्नेहसंमेलनाचा फराळ, कमानीवरील अक्षरें हे विषय अगदीं शेवटीं. भूक लागली कीं, त्यांवर फार लवकर एकमत होतें. प्रत्येक विषयापुढें मिनिटें लिहावीं: टाकी, तीस, वाहनतळ, वीस, असें. मिनिटें घातल्यानें चर्चेचा गळा दाबला जातो असा आक्षेप मीं ऐकला आहे. त्यांत तथ्य इतकेंच कीं, घड्याळ हें मालक होऊं नये. वेळ संपल्यावर अध्यक्षांनीं सभेला विचारावें, आणखी दहा मिनिटें द्यावयाचीं काय? आणि द्यावयाचीं तर कोणत्या विषयांतून काढून? या दुसऱ्या प्रश्नानें पुष्कळ वक्ते आपोआप थांबतात.

ऐनवेळच्या विषयांची कथा निराळीच. ‘अध्यक्षांच्या परवानगीनें ऐनवेळीं येणारे विषय’ ही ओळ प्रत्येक पत्रिकेच्या तळाशीं असते आणि पुष्कळ चतुर मंडळी आपला खरा विषय त्याच ओळींतून आंत आणतात. निम्मे सभासद चपला शोधीत असतांना ठराव मांडला, अनुमोदन मिळालें, झालें! कंपन्यांच्या दंडकांत यावर अंकुश आहे: अध्यक्षांची परवानगी तर हवीच, पण उपस्थित संचालकांच्या बहुमताचीही संमति हवी. घरगुती संस्थांनीं याहून साधा नियम करावा. ऐनवेळच्या विषयांत पैशाचा ठराव नको आणि माणसाच्या नोकरीचा ठराव नको.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें मला अवश्य वाटतें. जो पत्रिका आंखतो त्याच्या हातीं फार मोठी सत्ता येते. मीं मामांचा अर्ज अजाणतां बारावा घातला. दुसरा कोणी नको असलेला विषय जाणूनबुजून बारावा घालील, आणि त्याला कोणी नांवें ठेवूं शकणार नाहीं. म्हणून ही पत्रिका एकट्या चिटणीसानें करूं नये. सभेपूर्वीं दहा-बारा दिवस अध्यक्ष आणि चिटणीस यांनीं अर्धा तास एकत्र बसावें. सभासदांनीं विषय पाठविण्याची शेवटची तारीख आधीं जाहीर असावी. आणि एखादा विषय घेतला नाहीं तर कां घेतला नाहीं हें पाठविणाऱ्याला एका ओळीनें कळवावें. शिल्लक राहिलेला विषय पुढील पत्रिकेंत वर चढला पाहिजे, खालीं नव्हे.

हल्लीं दूरध्वनीवरील गटांत दिवसभर चर्चा चालते आणि दृक्श्राव्य साधनांनीं घरबसल्या सभाही भरतात. साधन चांगलें आहे. पण गटांत रात्रीं अकरा वाजतां पाठविलेल्या चार ओळी म्हणजे टिपण नव्हे, आणि तिला आलेले अंगठे म्हणजे ठराव नव्हे. कंपन्यांच्या कायद्यांत सभेवांचून, कागद सर्व संचालकांकडे फिरवून ठराव करण्याची सोय आहे. परंतु त्यांतही आवश्यक कागद जोडावे लागतात, एकतृतीयांश संचालकांनीं मागणी केली तर विषय सभेपुढेंच आणावा लागतो, आणि कर्ज काढण्यासारख्या कित्येक बाबी कागद फिरवून ठरवितांच येत नाहींत. हा विवेक आपल्या घरगुती गटांनींही पाळावा.

शाळेला जसें वेळापत्रक तसें सभांनाही वर्षाचें एक वेळापत्रक असावें. गृहनिर्माण संस्थेचें आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतें आणि वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आंत घ्यावी लागते. या दोन तारखा पंचांगांतल्या संक्रांतीसारख्या ठरलेल्या आहेत. मग हिशेबतपासनिसाचा विषय जुलै-ऑगस्टमध्यें धांवपळ करीत कां यावा? मुंबई-कोंकणांत पाऊस जूनमध्यें येतो हेंही नवें नाहीं. तरी गच्चीच्या गळतीचा विषय दरवर्षीं जूनमध्येंच निघतो. तो फेब्रुवारींत निघाला पाहिजे, म्हणजे मार्चमध्यें दरपत्रकें येतील, एप्रिलमध्यें ठराव होईल आणि मे महिन्यांत डांबर-सिमेंटचें काम कोरड्या हवेंत होईल. आम्हीं अशी बारा रकान्यांची एक तालिका करून जिन्याखालच्या फलकावर लावली आहे. सभासद येतांजातां वाचतात आणि चिटणीसाला टोंचतात. त्याला तेंही चांगलेंच.

सभा संपल्यावरची एक गोष्ट सांगून पुरें करतों. प्रत्येक ठरावाखालीं दोन रकाने ओढावे: हें काम कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. ‘समितीनें करावें’ असें लिहिलें म्हणजे कोणीच करावयाचें नाहीं असें समजावें; एका माणसाचें नांव घालावें. इतिवृत्ताचा मसुदा आठवड्याच्या आंत फिरवावा. कंपन्यांना त्यासाठीं पंधरा दिवसांची मुदत आहे, पण स्मरणशक्तीला इतकी मुदत मानवत नाहीं. आणि पुढील पत्रिका लिहिण्यास बसतांना कोऱ्या कागदापासून आरंभ न करतां या दोन रकान्यांपासून करावा.

येत्या रविवारीं आमच्या संस्थेची सभा आहे. आतां चिटणीसपद एका तरुण मुलीकडे आहे; तिची पत्रिका परवांच घरीं आली. पहिला विषय रखवालदाराच्या मुलाच्या औषधोपचारासाठीं उचल, पांच मिनिटें. दुसरा उद्वाहनाचा, पस्तीस मिनिटें, सोबत दोन पानांचें टिपण. इमारतीच्या रंगाचा विषय सातवा आहे आणि त्याला दहा मिनिटें दिलीं आहेत. रंगाबद्दल माझें मत ठाम असून तें दहा मिनिटांत मावेल असें मला वाटत नाहीं. परंतु तिनें घड्याळ टेबलावर ठेवण्याचें आधींच कळविलें आहे.